मिरजेची सतार

मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांचे कारागीर. एकोणिसाव्या शतकात ते काम उणावले, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्ये घडवू लागले. शेतकऱ्याचा कडू भोपळा वाळवून कोरायचा, त्यास लाकडी दांडी जोडायची, मग पडद्यांची जागा धरायची. अर्धी तार वाजली की वरचा षड्ज, दोन तृतीयांश वाजली की पंचम, तीन चतुर्थांश वाजली की मध्यम. परंतु दाबलेली तार ताणते, स्वर किंचित चढतो. तेथे माप थांबते, कान ठरवितो. म्हणूनच सतारीचा पडदा ठोकीत नाहीत, दोऱ्याने बांधतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस भौगोलिक मानांकन लाभले. नाव राखले गेले. कान मात्र पोर कारागिरापाशी बसले तरच टिकेल.