नवाल्नी आपला नव्हता, तरीही

(कोल्हापुरात तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)



आजचा विषय आहे सोव्हिएत संघाचं विघटन आणि आजच्या रशियातले विरोधक. विषय लांबचा वाटेल, पण यावरून तुमच्यात वाद होतात हे मला माहीत आहे. कुणी म्हणतं, पुतिन अमेरिकेला नडतो म्हणून तो आपला. कुणी चेचन्याच्या कादिरोवचे व्हिडिओ फॉरवर्ड करतं. आणि कुणी विचारतं, अलेक्सी नवाल्नी मुसलमानांबद्दल वाईट बोलायचा, तो तुरुंगात मेला तर आपल्याला त्याचं काय? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

महाराष्ट्राचं त्या देशाशी जुनं नातं आहे. अण्णा भाऊ साठेंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि प्रवासवर्णन लिहिलं. त्यांचे सोबती शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, लाल बावटा कलापथकात गायचे. गिरणीतल्या, गावकुसाबाहेरच्या माणसांना तिथे आशा दिसली होती. तिची टिंगल करू नका. मध्य आशियातल्या मुसलमान मुलींसाठी त्या राज्याने शाळा उघडल्या, हे खरं आहे. त्याच राज्याने १९३८ मध्ये फितरत, चोलपान आणि कादिरी या उझबेक लेखकांना गोळ्या घातल्या आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये सुमारे पाच लाख चेचेन आणि इंगुश लोकांना रेल्वेच्या डब्यांत कोंबून घरादारापासून दूर पाठवलं, हेही खरं आहे.

मग हे राज्य मोडलं कसं? जुने कॉम्रेड म्हणतात, गोर्बाचेवने घात केला. उदारमतवादी म्हणतात, लोकांनी बेड्या तोडल्या. आपल्या मोहल्ल्यात म्हणतात, अफगाण मुजाहिदांनी पाडलं. प्रत्येकाच्या हातात एक तुकडा आहे. अफगाणिस्तानात सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक मेले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सैन्य परतलं. पण १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले होते, त्याच वर्षी चेर्नोबिलचा स्फोट झाला होता आणि दुकानं रिकामी पडत चालली होती. मार्च १९९१ च्या सार्वमतात मतदारांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी नव्या रूपातला संघ टिकवावा असं मत दिलं. सहा प्रजासत्ताकांनी मात्र त्यावर बहिष्कार टाकला होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला युक्रेनमध्ये ९० टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. लोकांना विचारलं होतं का, याचं उत्तर तुम्ही कोणतं सार्वमत हातात घेता यावर ठरतं. म्हणून हा वाद अजून मिटत नाही.

नंतरची दहा वर्षं तरी लोकशाहीची होती, असं म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. ऑक्टोबर १९९३ मध्ये येल्त्सिनने स्वतःच्या संसदेवर रणगाड्यांतून तोफा डागल्या. डिसेंबर १९९४ मध्ये त्याने चेचन्यात सैन्य घुसवलं. पाश्चात्त्य सरकारं तरीही त्याच्या पाठीशी राहिली. सामान्य रशियन माणसाच्या मनात ‘लोकशाही’ हा शब्द तिथेच विटला, आणि पुतिनला आयती जमीन मिळाली.

आता नवाल्नी. त्याने २००७ मध्ये एक व्हिडिओ केला होता. त्यात कॉकेशसमधल्या अतिरेक्यांना त्याने झुरळांच्या पंक्तीला बसवलं होतं आणि लोकांना बंदूक बाळगायचा सल्ला दिला होता. राष्ट्रवादी मोर्चांतही तो जायचा. त्याच वर्षी याब्लोको या उदारमतवादी पक्षाने त्याला काढून टाकलं. पुढे तो भ्रष्टाचाराविरुद्ध उभा राहिला, २०२० मध्ये त्याच्यावर विषप्रयोग झाला, तरी तो परत गेला आणि १६ फेब्रुवारी २०२४ ला ध्रुवप्रदेशातल्या तुरुंगात मेला. मला त्याची ती मतं आजही घाण वाटतात. तरीही मी म्हणतो, त्याला तुरुंगात टाकणं हा अन्याय होता.

कारण ज्या शिक्क्याखाली त्याच्या संघटनांवर बंदी आली, तो शिक्का बघा. रशियात २००२ मध्ये ‘अतिरेकीपणा’ रोखण्याचा कायदा झाला. २००७ मध्ये त्याखाली तुर्की विद्वान सईद नुर्सी यांच्या कुराणावरच्या भाष्याच्या अनुवादांवर बंदी आली. ही माणसं शांतपणे पुस्तकं वाचत होती. २०१६ मध्ये क्रिमियन तातारांची प्रातिनिधिक संस्था मजलिस ‘अतिरेकी’ ठरली. २०१७ मध्ये यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ. २०२१ मध्ये नवाल्नीच्या संघटना. कायदा आधी त्यांच्यावर वापरतात ज्यांच्यासाठी कुणी रस्त्यावर येणार नाही. मग तो पुढे सरकतो. बोरिस कागार्लित्स्की हा मार्क्सवादी अभ्यासक ब्रेझनेवच्या शेवटच्या काळात आत होता, १९९३ मध्ये येल्त्सिनच्या पोलिसांनी त्याला धरलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. रशियातले सगळे विरोधक अमेरिकेचे हस्तक असतात, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव पाठ करावं.

हे सगळं आपल्या शहरात ऐकायला वेगळं वाटू नये. १६ फेब्रुवारी २०१५ ला इथे सागरमाळला कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. सोव्हिएत संघ मोडल्यावरही ते आपल्या पक्षातच राहिले. देवाधर्माबद्दलची त्यांची मतं आपल्यातल्या अनेकांना पटायची नाहीत. पण मुसलमानांचे लाड होतात या प्रचाराला उत्तर देणारी पुस्तिका त्यांनीच लिहिली. ते गेल्यानंतर सातव्या दिवशी मॉस्कोत क्रेमलिनजवळच्या पुलावर विरोधी नेते बोरिस नेमत्सोव यांना गोळ्या घातल्या. सुरुवातीला सांगितलं गेलं की शार्ली एब्दोबद्दलच्या बोलण्यामुळे चिडलेल्या मुसलमानांनी हे केलं. शेवटी पाच चेचेन माणसांना पैसे घेऊन केलेल्या खुनाबद्दल शिक्षा झाली. पैसे कुणी दिले, हा कुटुंबाचा प्रश्न तसाच आहे. पानसरे खटल्याचा निकालही दहा वर्षं उलटली तरी लागला नव्हता.

आणि जून २०२३ आठवा. काही पोरांच्या स्टेटसवरून या शहरात दगड पडले, ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांची दुकानं फुटली. ते स्टेटस मलाही आवडले नव्हते. पण तेव्हा आपण शेजाऱ्यांना काय सांगत होतो? न आवडणं वेगळं आणि सजा देणं वेगळं. गुन्हा असेल तर कायद्याने बघावं, सगळ्या वस्तीला धरू नये. हेच वाक्य नवाल्नीच्या बाबतीत म्हणायला आपली जीभ का अडखळते? आपल्यासाठी मागितलेला न्याय दुसऱ्याला नाकारला, तर उद्या आपली मागणी कुणी मनावर घेणार नाही. कुणाशी वैर असलं तरी न्याय सोडू नका, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे.

तेव्हा १९९१ वर खुशाल भांडा. गोर्बाचेव चुकला की बरोबर होता, यावर रात्रभर बसा. पण वाद संपल्यावर एक प्रश्न वेगळा ठेवा: ज्याच्याशी माझं पटत नाही, त्याला बोलल्याबद्दल आत टाकलं तर मी काय म्हणेन? पुढच्या बैठकीला प्रत्येकाने असं एक नाव घेऊन यावं, ज्याची मतं आपल्याला अजिबात पटत नाहीत. आणि त्याच्या सुटकेच्या बाजूने पाच मिनिटं बोलावं.