मित्रासाठी पुणे ते कोल्हापूर

आज कोडिंग बाजूला, सायकलवर बोलू. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. सुमारे 4,800 किमी, नऊ दिवसांच्या आत. एक चालवतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो, असं आलटून पालटून.

आमचीही टीम दोघांचीच. माझ्या मित्राचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. त्या खर्चासाठी मी शनिवारी कोल्हापूरला निघतोय, अंदाजे 230 किमी. पहाटे फोन करून उठवणार तो, पैशांचा हिशोबही त्याच्याकडेच.

खरं सांगू? कात्रज, खंबाटकीची भीती नाही वाटली. व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे मागायची वाटली. तीन दिवस मेसेज टाईप करून डिलीट करत होतो. एक जण म्हणाला, "सरळ माग की, सायकल कशाला?" मलाही पटलं होतं. मित्राला नाही पटलं. "नुसते मागितलेस तर मी पेशंट. सायकलवर मागितलेस तर पार्टनर."

साताऱ्यात कंदी पेढे खाणार आहे. फोटो मात्र त्याला पाठवणार नाही, दुधाचं पथ्य आहे बिचाऱ्याला.