नागपूर–पुणे : अंतर नेमकं किती?

नागपूर ते पुणे अंतर किती, असं कुणी विचारलं तर त्याची तीन उत्तरं देता येतात. रेल्वेने सुमारे ८८० किलोमीटर, रस्त्याने सातशेहून थोडं अधिक, आणि विमानाच्या सरळ रेषेत साधारण ६००.

रेल्वेचं अंतर इतकं वाढलं ते जुन्या इतिहासामुळे. १८६७ साली नागपूरला रूळ पोहोचले ते मुंबईहून, भुसावळमार्गे. वऱ्हाडातला कापूस बंदराला लागावा, ही त्यामागची मोठी गरज होती. पुण्याची लाइन मात्र मद्रासच्या दिशेने गेली. या दोन मार्गांना जोडणारा दौंड–मनमाड मार्ग नंतर झाला. त्यामुळे आजही नागपूरची गाडी आधी भुसावळ, मनमाड गाठते आणि मग दक्षिणेला वळून दौंडला येते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारतलाही म्हणूनच सुमारे बारा तास लागतात.

विमानाला हा वळसा नाही. ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने सहाशे किलोमीटर पाऊण तासात सरायला हवेत. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपासची वेळ दिसते. ती वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पुण्यात ते थांब्यावर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढाई, उतरण्याआधी कमी केलेला वेग, हे सगळं त्यात धरलेलं असतं. त्यातून पुण्याचं लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ. लढाऊ आणि प्रवासी विमानांना धावपट्टी एकच, तेव्हा कधी वरच घिरट्या घालत थांबावं लागतं. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. पुण्याकडे येताना ते समोरून लागतात आणि आणखी काही मिनिटं जातात.

आता गडचिरोलीहून पुण्याला शिकायला निघालेल्या मुलीचा प्रवास बघा. नागपूरपर्यंत एसटीचे चारेक तास. बस चुकली तर विमानही चुकणार, म्हणून ती एक गाडी आधीची धरते. विमानतळावर दोन तास आधी हजर व्हायचं. पुण्यात उतरल्यावर सामानाची वाट बघायची आणि संध्याकाळच्या गर्दीतून कोथरूड गाठायचं. घर ते खोली हिशेब मांडला तर नऊ-दहा तास होतात आणि त्यातला विमानाचा वाटा जेमतेम दीड तासाचा.

या प्रवासाचा वेळ वाचवायचा असेल तर तो जमिनीवरच वाचवावा लागेल. गडचिरोली, यवतमाळ, चंद्रपूरहून येणाऱ्या काही एसटी गाड्या विमानांच्या वेळा बघून सोडाव्यात आणि थेट विमानतळाच्या दारात आणाव्यात. नागपूर मेट्रोचं विमानतळ स्थानक वर्धा रोडवर आहे. तिथून टर्मिनलपर्यंत पहाटे आणि रात्रीही खात्रीची बस हवी. पुण्यात लोहगावहून शहराच्या चारही दिशांना जाणाऱ्या बस रात्रीच्या शेवटच्या विमानापर्यंत चालू राहाव्यात. आणि दिवाळीत विमानाचं भाडं ज्यांच्या आवाक्याबाहेर जातं, त्यांच्यासाठी रेल्वेने जादा गाड्या वेळेवर जाहीर कराव्यात.

यासाठी नवी धावपट्टी लागत नाही. एसटी, मेट्रो, रेल्वे आणि विमानतळ यांनी एकत्र बसून वेळापत्रकं जुळवली, तर त्या मुलीचे दोन-तीन तास नक्की वाचतील. आपल्या लोकप्रतिनिधींकडे विमानतळाची मागणी करताना ही मागणीही आपण तितक्याच आग्रहाने करायला हवी.