बालनटाचे मोठे होणे



एका रशियन नटाची हकीकत ऐकण्यासाठी आपण एवढ्या उकाड्यात येथे जमला आहात, याबद्दल प्रथम आपले कौतुक केले पाहिजे. हा विषय आम्ही सुचविला तेव्हा व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावर थोडी शंका दिसली होती. ती रास्तच होती. मॉस्कोच्या एका मुलाने चित्रपटात काम केले, त्याच्याशी आपला संबंध काय?

संबंध आहे तो असा. पडद्यावर एखादे मूल चांगले काम करताना दिसले की आपण सारे हळहळतो, डोळे पुसतो, 'काय गुणी पोर आहे!' म्हणतो आणि घरी येऊन जेवतो. त्या पोराचे पुढे काय झाले याची चौकशी करण्याचे आपल्या मनात येत नाही. आपल्याकडे १९५३ साली आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई' काढला. त्यात श्याम झालेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक म्हणून त्यांनी नाव मिळविले. पण कित्येकांच्या लेखी ते अखेरपर्यंत श्यामच राहिले. त्यांनी आपली वाट वेगळी केली, हे शहाणपणाचे झाले. परंतु ज्या मुलाला नटच व्हावयाचे असते, त्याने काय करावे? चौदाव्या-पंधराव्या वर्षी आपल्या हातून जे घडले ते कसे घडले हे आपल्यालाच ठाऊक नाही, आणि आता सारा जन्म त्यावर काढायचा आहे, अशी त्याची अवस्था होते. निकोलाय बुर्ल्यायेव्ह या नटाच्या निमित्ताने आज आम्हाला या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

बुर्ल्यायेव्हचा जन्म ३ ऑगस्ट १९४६ चा, मॉस्कोचा. म्हणजे महायुद्ध संपून वर्ष उलटल्यावर तो जन्मला. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण ज्या भूमिकेने त्याचे नाव झाले ती युद्धात होरपळलेल्या मुलाची आहे. लहानपणी तो बोलताना अडखळत असे. असा मुलगा नट व्हावा हे एक नवलच. चित्रपटविद्यालयात शिकत असलेल्या आंद्रे कोंचालोव्स्की या तरुणाने त्याला हेरले आणि 'मुलगा आणि कबूतर' या आपल्या छोट्याशा चित्रपटात घेतले. साल १९६१. त्या विद्यार्थ्याचा एक मित्र होता, आंद्रे तार्कोव्स्की. येथून कथा खरी सुरू होते.

व्लादिमीर बोगोमोलोव्ह या लेखकाने 'इवान' नावाची एक दीर्घकथा १९५७ साली लिहिली होती. आईबाप मारले गेलेला एक बारा वर्षांचा मुलगा लष्कराच्या हेरपथकात राहतो, रात्री नदी ओलांडून शत्रूच्या मुलखात जातो आणि बातम्या आणतो, असा तिचा विषय. मोसफिल्म या संस्थेने तिच्यावर चित्रपट करावयास घेतला. पण पहिल्या दिग्दर्शकाचे काम पसंत पडले नाही आणि १९६० च्या अखेरीस ते थांबविण्यात आले. पैसा बराच खर्च झालेला. पुढल्या वर्षी हे अर्धवट राहिलेले काम तार्कोव्स्कीच्या गळ्यात पडले. पहिल्याने केलेले सारे त्याने बाजूला ठेवले. नवा छायालेखक घेतला, वादिम यूसोव्ह. कथेत नसलेली चार स्वप्ने घातली. आणि मुलगाही नवा निवडला. बुर्ल्यायेव्हची पुन्हा पुन्हा परीक्षा घेऊन मग त्याला इवान केले. नीपर नदीकाठी कानेव्हजवळ चित्रीकरण झाले आणि १९६२ साली 'इवानचे बालपण' पुरा झाला.

आमच्यापैकी काहींनी हा चित्रपट फिल्म सोसायटीच्या लाकडी खुर्च्यांवर बसून पाहिला. अक्षरे नीट वाचता येत नव्हती, प्रत झिजलेली होती. पण पहिल्या दहा मिनिटांत कोणाचे तिकडे लक्ष राहिले नाही. आरंभी एक स्वप्न आहे. कोकिळेच्या जातीचा तो कक्कू पक्षी ओरडतो आहे, उन्हात मुलगा हसतो आहे, आई पाण्याची बादली घेऊन येते, मुलगा बादलीत तोंड घालून पाणी पितो. आणि एकाएकी सारे मोडते. जागा होतो तो दुसराच मुलगा. हाडे वर आलेली, चेहरा चिखलाने माखलेला. दलदल तुडवीत, नदी पोहून तो आपल्या सैन्याच्या ठाण्यावर येतो. तेथील लेफ्टनंट गाल्त्सेव्ह हाही पोरसवदाच. मुलगा थंडीने कुडकुडत उभा आहे आणि त्या अधिकाऱ्याला हुकूम सोडतो आहे की, मुख्यालयाला फोन करा, बोंदारेव्ह आला आहे म्हणून सांगा. लेफ्टनंट चिडतो, दरडावतो. आणि शेवटी फोन करतो.

त्या प्रसंगात मुलाने काय केले आहे हे नीट पाहावे. मुलाने मोठ्या माणसाची नक्कल केली तर ती गोड वाटते आणि आपण हसतो. येथे कोणी हसत नाही. त्याचा आवाज चढत नाही, हातवारे नाहीत. नजर तेवढी हलत नाही. पुढे तो खिशातून बिया आणि काटक्याकुटक्या काढून टेबलावर मांडतो. शत्रूची किती माणसे, किती तोफा पाहिल्या याची ती मोजणी असते. गृहिणी ज्या सहजपणे डाळीतले खडे वेचते त्या सहजपणे तो हे करतो. मग त्याला कढत पाण्याने अंघोळ घालतात, खायला देतात, आणि तो घास तोंडात धरल्यासारखा बसल्याबसल्याच झोपी जातो. लेफ्टनंट त्याला उचलून बिछान्यावर ठेवतो. त्या क्षणी उचलला जातो तो हेर नव्हे, बारा वर्षांचे एक हलकेसे पोर. नुसत्या मान टाकण्यातून बुर्ल्यायेव्हने हा पालट दाखविला.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. एका मोडक्या देवळाच्या तळघरात सैनिकांनी ठाणे केलेले असते. मोठी माणसे बाहेर गेल्यावर इवान एकटाच लढाई खेळू लागतो. तेथे एक जुनी घंटा पडलेली असते, ती तो दोरीने वर ओढतो आणि वाजवितो. हातात सुरा आहे, भिंतीवर टांगलेला कोट हा शत्रू आहे. खेळ हळूहळू खेळ राहत नाही; त्या कोटापुढे बोलता बोलता मुलगा हुंदके देऊ लागतो.

चित्रपटाला त्या वर्षी व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला. एका इटालियन चित्रपटाबरोबर तो वाटून दिला गेला. तार्कोव्स्कीचे नाव जगभर झाले. आणि मुलाचे? 'अप्रतिम' असे सर्वांनीच म्हटले. परंतु येथे एक शंका उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शंका रशियातलीच आहे. कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेऊन तो कधी सूपाच्या ताटलीला, कधी शवपेटीला जोडून दाखविला, आणि पाहणाऱ्यांनी त्या नटाच्या भुकेची आणि शोकाची तारीफ केली, अशी गोष्ट सांगतात. नट काहीच करीत नव्हता. जोडकाम करणारा करीत होता. मोठ्या नटाची ही कथा, मग मुलाची काय? मुलाला उन्हात उभे करावे, थंडीत उभे करावे, दमवावे, आणि चेहऱ्यावर जे उमटेल ते टिपून घ्यावे. अभिनयाचे श्रेय दिग्दर्शकाचे आणि छायालेखकाचे, मुलगा केवळ माती. हा आक्षेप आम्हाला पूर्वी बराचसा पटत असे. तो आमच्या मनातून गेला तो बुर्ल्यायेव्हचे दुसरे मोठे काम पाहिल्यावर.

ते काम 'आंद्रे रुब्ल्योव्ह' या चित्रपटातले. पंधराव्या शतकातल्या एका मूर्तिचित्रकाराच्या जीवनावर तार्कोव्स्कीने तो काढला. कोंचालोव्स्की या खेपेस सहलेखक होता. ('इवान'मध्येही तो दिसतो, चष्मा लावलेला एक सैनिक होऊन.) बुर्ल्यायेव्ह आता अठरा-एकोणीस वर्षांचा झालेला. दिग्दर्शकाने त्याला प्रथम फोमा या शिष्याची भूमिका देऊ केली. त्याला ती नको होती. त्याला हवा होता बोरिस्का, आणि त्याने तो मिळविला. बालपणी दुसऱ्यांनी निवडलेल्या मुलाने येथे प्रथमच आपली भूमिका आपण निवडली.

बोरिस्काची गोष्ट अशी. राजाला एक प्रचंड घंटा ओतवून घ्यावयाची आहे. पण घंटा ओतणारे सारे कारागीर साथीत मेले आहेत. राजाची माणसे गावात येतात तेव्हा एका कारागिराचा पोरगा तेवढा उरलेला असतो. तो म्हणतो, मला न्या, बापाने मरताना ओतकामाचे गुपित मला सांगितले आहे. माणसे त्याला घेऊन जातात. आणि मग तो पोरगा म्हाताऱ्या कारागिरांवर खेकसतो, हवी तशी माती मिळेपर्यंत काम अडवून धरतो, पावसात घसरून पडतो आणि पडल्या जागी त्याला ती माती सापडते. राजाकडे तो आणखी चांदी मागतो. हुकूम मोडणाऱ्या सोबत्याला फटके मारावयास लावतो. हे सारे करताना तो रात्रंदिवस थरथरत असतो. घंटा वाजली नाही तर मान जाणार.

घंटा वाजते. परदेशी पाहुण्यांसमोर, सगळ्या शहरासमोर वाजते. आणि बोरिस्का चिखलात पडून रडू लागतो. कित्येक वर्षे मौन पाळलेला रुब्ल्योव्ह त्याला जवळ घेतो, तेव्हा तो सांगतो की, बापाने गुपित सांगितलेच नव्हते. म्हातारा ते बरोबर घेऊन गेला.

श्रोतेहो, हा पोरगा पाहताना आम्हाला तळघरातला इवान आठवला. तीच घंटा, तेच रडणे, तोच मुलगा. पण मध्ये काहीतरी घडले होते. इवानचे रडणे आवरता येत नव्हते म्हणून आलेले. बोरिस्काचे रडणे महिनोन् महिने आवरून धरलेले आहे, आणि ते कोठे धरले आहे हे पहिल्यापासून दिसते. मानेच्या ताठपणात, अकारण चढणाऱ्या आवाजात, झोप न झालेल्या डोळ्यांत. असे काम केवळ जोडकामाने उभे राहत नाही. आरंभापासून शेवटाकडे पाहत ते नटालाच बांधावे लागते. आमच्या मते बुर्ल्यायेव्हला ती भूमिका का हवी होती याचे उत्तर तिच्यातच आहे. एकदा घंटा वाजविलेली, गुपित ठाऊक नसलेली, आणि लोक मात्र समजतात याला ते ठाऊक आहे, अशी त्याचीच स्थिती नव्हती काय? हे आमचे अनुमान. त्याने असे म्हटले आहे असे आम्ही म्हणत नाही.

चित्रपट १९६६ साली तयार झाला आणि कपाटात गेला. अधिकाऱ्यांना तो रुचला नाही. १९६९ साली कान येथे तो स्पर्धेबाहेर दाखविण्यात आला, तेथे समीक्षकांचे पारितोषिक मिळाले; मायदेशी तो लोकांसमोर आला तो १९७१ साली. विसाव्या वर्षी केलेले आपले सर्वांत चांगले काम पंचविसाव्या वर्षापर्यंत कोणाला दाखविता येऊ नये, याचा तरुण नटाला काय जाच झाला असेल! चित्रकाराची चित्रे कपाटात राहिली तरी चित्रेच राहतात. नट मात्र तोवर वयाने पुढे जातो, आणि मागे राहिलेला तो पोरगा त्याला पुन्हा होता येत नाही.

आता बुर्ल्यायेव्हांना अहोजाहो करावयास हवे. श्चुकिन नाट्यविद्यालयात त्यांनी नाटकाचे शिक्षण घेतले, पुढे चित्रपटविद्यालयात दिग्दर्शनाचे. १९६९ च्या 'आईने लग्न केले' मध्ये त्यांनी काम केले. १९७२ साली अलेक्सेय बतालोव्ह यांच्या दिग्दर्शनाखाली दोस्तोयेव्स्कीचा जुगारी केला. पुश्किनच्या कृपण सरदाराचा मुलगा आल्बेर केला. ही कामे चांगली आहेत. परंतु पाहणारा त्यांच्यात इवानची नजर शोधतो आणि ती सापडली की तेवढ्यावरच समाधान मानतो. हा दोष नटाचा नाही, पाहणाऱ्याचा आहे.

एकाच चित्रपटात आम्हाला हा शोध घ्यावा लागला नाही. प्योत्र तोदोरोव्स्की स्वतः युद्धात लढलेले दिग्दर्शक. त्यांच्या १९८३ च्या 'रणभूमीवरील प्रणय' या चित्रपटात बुर्ल्यायेव्ह साशा नावाचा माजी सैनिक झाले. खंदकात असताना या साशाने एका सुंदर स्त्रीला दुरून पाहिलेले असते. ती दुसऱ्याची, एका अधिकाऱ्याची. युद्ध संपते, साशा लग्न करतो, चित्रपटगृहात यंत्र चालविण्याची नोकरी धरतो. आणि एक दिवस तीच स्त्री त्याला रस्त्यावर थंडीत पावांतले सारण विकताना, गिऱ्हाइकांवर ओरडताना दिसते. ऑस्करसाठी परभाषी चित्रपटांत त्याचे नामांकन झाले. साशाच्या पत्नीचे काम करणाऱ्या इन्ना चुरिकोव्हा यांना बर्लिनला पारितोषिक मिळाले. बुर्ल्यायेव्हांना काही मिळाले नाही. पण युद्धानंतर जन्मलेला हा नट, ज्याचा इवान युद्धातून परत आलाच नाही, तो येथे परत आलेला माणूस झाला आहे. आणि त्याला काम कोणते? अंधाऱ्या खोलीत उभे राहून लोकांना चित्रपट दाखविण्याचे!

नंतरच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. १९८६ साली त्यांनी कवी लेर्मोन्तोव्हवर चित्रपट लिहिला, दिग्दर्शित केला, नायकही आपणच झाले. त्यावर कडक टीका झाली. १९९२ पासून त्यांनी 'सोनेरी सरदार' नावाचा चित्रपटमहोत्सव चालविला आणि २०२१ साली ते रशियाच्या दूमा या प्रतिनिधिगृहात निवडून आले. त्यांच्या राजकीय मतांशी आमचे जुळत नाही. पण आजचा विषय तो नव्हे.

एक गोष्ट मात्र राहून चालणार नाही. त्यांच्या त्या वेळच्या पत्नी नताल्या बोंदार्चुक, 'सोलारिस'मधील नायिका, यांनी १९८५ साली मुलांसाठी एक चित्रपट दिग्दर्शित केला. हरणाच्या पाडसाची ती प्रसिद्ध कथा. नाव 'बाम्बीचे बालपण'. त्यात लहान बाम्बी झाला तो या दांपत्याचा मुलगा. पुढल्या भागात मोठा झालेला बाम्बी स्वतः निकोलाय बुर्ल्यायेव्ह. मुलाचे नाव त्यांनी इवान ठेवले होते.

'इवानचे बालपण' कोठे पाहावयास मिळाला तर जरूर पाहावा, आणि जेवताना त्या पोराची मान कलते तेथे जरा लक्ष द्यावे.