थायरॉइडचा आकडा आणि केसांची गोळी



आपल्यापैकी बऱ्याच घरांत कोणी ना कोणी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतं. अधूनमधून रक्त द्यायचं आणि आकडा पाहून डॉक्टरांनी डोस ठरवायचा. पण हा आकडा येतो कुठून?

एक मिलिलिटर रक्तद्रवात मोकळं टी-४ हार्मोन असतं जेमतेम दहा-पंधरा पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! इतकं सूक्ष्म मोजायची वाट न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनवर काम करताना दाखवली. त्यांची खूण किरणोत्सर्गी होती. यॅलोंना १९७७ साली त्यासाठी नोबेल मिळालं.

आता हे काम बहुधा प्रकाश करतो. हार्मोनला नेमकं पकडणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला चमकणारी खूण लावायची आणि उजेड किती पडला ते मोजायचं. काही ऑप्टिकल बायोसेन्सरना तर खूणही लागत नाही. सोन्याच्या अतिपातळ पापुद्र्यावर अँटिबॉडी बसवलेली असते. तिला हार्मोन चिकटलं, की तिथून परतणारा प्रकाश किंचित बदलतो, आणि तेवढ्यावरून हिशेब लागतो.

पण मंडळी, हा उजेड कधीकधी फसतो. अनेक लॅबच्या चाचण्यांत अँटिबॉडी जागेवर धरून ठेवायला बायोटिनचा आकडा वापरतात, कडीत अडकवायच्या आकड्यासारखा. बायोटिन म्हणजे केसांसाठी, नखांसाठी आपण घेतो तेच जीवनसत्त्व. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. बाजारातल्या गोळीत मात्र ५,००० किंवा १०,००० असतात! रक्तातलं हे जास्तीचं बायोटिन कड्या आधीच अडवून बसतं. मग टीएसएच खोटंच कमी दिसतं, टी-४ खोटंच जास्त. थायरॉइड उसळल्याचा भास होतो, आणि नको तो औषधबदल होऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं.

उपाय सोपा आहे. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन थांबवा. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी मात्र मनाने बंद करू नका. मल्टिव्हिटॅमिनची बाटलीही एकदा वाचून पाहा. आणि भारतात फोन लावाल तेव्हा आईलाही विचारा, "केसांसाठी काही घेतेस का गं?"

पुन्हा भेटू. काळजी घ्या!