दुमडलेले पंख
(वसतिगृहाच्या सहलीविषयी उपासनेनंतर केलेले भाषण)



सहलीचा विषय निघाला तेव्हा सर्वांत आधी नको म्हणणारी मीच होते. तेवढ्या पैशांत मुलांना पांघरुणे आली असती. पण आमच्या कातकरी मुलांनी पाडा, शाळा आणि वीटभट्टी यांपलीकडे काही पाहिलेले नव्हते. शेवटी दिवाळीआधी, आपल्याच देणग्यांतून, माणगावहून रात्रीची गाडी धरून आम्ही गोव्याला गेलो.

दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. 1998 साली सुरू झालेले, लहानसेच. पण विमाने उघड्यावर उभी आहेत, जवळून पाहता येतात. तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन पाहून मुले थबकलीच. हे विमान आधी एअर इंडियाचे प्रवासी नेत असे, पुढे नौदलासाठी समुद्रावर पहारा करू लागले.

'विक्रांत' जहाजावरून उडणारे सी हॉक आणि अलिझेही तिथे आहेत. 'विक्रांत'ची लांबी सुमारे 213 मीटर. एवढ्या जागेत पुष्कळ विमाने मावावीत म्हणून त्यांचे पंख वर दुमडता येतात. माहिती सांगणाऱ्या दादांनी पंखातला तो सांधा दाखवला.

सहावीतल्या आमच्या एका मुलीने विचारले, "दुमडले की मोडत नाहीत?"

दादा म्हणाले, "नाही गं. उडायच्या आधी परत उघडायचे."

परतीच्या गाडीत ती वहीतल्या कागदाचे पंख दुमडत आणि उघडत बसली होती.

दिवाळीनंतर तिचे वडील आले. भट्टीमालकाकडून उचल घेतलेली होती, आईबाप दोघेही विटा पाडणार, मग धाकट्या भावाला कोण सांभाळणार? ती गेली. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाई, माझी जागा ठेवा."

गेल्या आठवड्यात मी भट्टीवर जाऊन आले. भावाला कडेवर घेऊन ती पाढे म्हणत होती.

मंडळी, तिची जागा आम्ही ठेवली आहे. पण नुसती जागा ठेवून ती परत येणार नाही. भट्टीवरच्या लहानग्यांना दिवसभर सांभाळणारी एक बाई मिळाली, तिचा पगार आपण उचलला, तर ही मुलगी आणि तिच्यासारख्या आणखी काहीजणी वार्षिक परीक्षेआधी वर्गात येतील.

पांघरुणांसाठीही मी पुन्हा मागेनच. आज मात्र एवढेच मागते.