जुन्या गाडीचे मंद दिवे



जुन्या गाडीचे हेडलाइट मंद झाले,
की आपण आधी बल्ब बदलतो.
पण दोष बरेचदा वायरिंगचा असतो.

अनेक जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट
स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो.
स्विचचे पॉइंट झिजतात.
अर्थिंगच्या जोडावर गंज चढतो.
वाटेतच व्होल्टेज गळतं.
आणि व्होल्टेज थोडं घटलं,
तरी उजेड खूप कमी होतो.

म्हणून इंजिन चालू ठेवा, दिवे लावा,
आणि बल्बपाशी व्होल्टेज मोजून घ्या.
बॅटरीपेक्षा ते बरंच कमी आलं,
तर अर्थिंगचा जोड घासून घट्ट करा.
फरक पडला नाही,
तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले आणि फ्यूज बसवून घ्या.
मग करंट बॅटरीकडून थेट दिव्याला मिळतो.
माझ्या मते, हा खर्च सर्वांत सार्थकी लागणारा.

तेव्हा मंडळी, आधी वायरिंग, मग बल्ब.

तरीही उजेड कमीच राहिला, तर दिवा तपासा.
त्याची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल, तर पॉलिश करता येते.
आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर दिवाच बदला.

जादा वॉटचा बल्ब मात्र कृपा करून लावू नका.
त्याने होल्डर वितळतो,
आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

रात्री घाटात निघण्याआधी
गाडी भिंतीसमोर उभी करून
दिव्यांचा रोखही एकदा तपासून घ्या.